चार वाचकांचा लेखक

उत्तर ध्रुवावर खरोखरचा एक खांब उभा आहे, असं क्षणभर धरून चालू. नोव्हेंबरात जोराचा वारा सुटतो आणि तिथे राहणाऱ्या नाताळबाबाची टोपी उडून थेट त्या खांबाच्या टोकाला जाऊन अडकते. त्याच्याकडे कामाला असलेलं पांढरं अस्वल ‘नको चढूस’ असं बजावलेलं असतानाही वर चढतं. टोक बारीक, अस्वल जाडजूड. खांब मधोमध मोडतो आणि घराच्या छपरावर आदळतो. छपराला पडलेल्या भोकातून अस्वल जेवणघरात कोसळतं. त्याच्यामागून छपरावरचा सगळा बर्फ आत येतो, वितळतो, घरातल्या शेकोट्या विझवतो आणि पाणी होऊन तळघरात उतरतं. तळघरात यंदाची खेळणी रचून ठेवलेली. अस्वलाचा पाय मोडतो, म्हाताऱ्याला नवं घर बघावं लागतं.

हा सगळा गोंधळ १९२५च्या डिसेंबरात एका पत्रात लिहिला गेला. लिहिणारा माणूस तेहेतीस वर्षांचा होता आणि अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक म्हणून नुकताच ऑक्सफर्डला नेमला गेला होता. पत्र होतं त्याच्या मुलांना. थोरला जॉन आठ वर्षांचा, मायकेल पाच, ख्रिस्टोफर जेमतेम एक. पत्राखाली सही मात्र बापाची नव्हती, फादर ख्रिसमसची होती.

जे. आर. आर. टॉल्कीन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत पडद्यावरून पोचलं. २००१ ते २००३ या काळात आलेले ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन सिनेमे, मग रात्ररात्र जागून वाचलेली कादंबरी, मग नकाशे, वंशावळी, एल्फांच्या भाषेचं व्याकरण. या प्रचंड डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं पुस्तक पडलेलं असतं. फादर ख्रिसमसच्या नावाने टॉल्कीनने १९२० ते १९४३ या काळात आपल्या चार मुलांना लिहिलेली ही पत्रं. टॉल्कीन १९७३ साली गेला. १९७६ साली ख्रिस्टोफरची पत्नी बेली टॉल्कीन हिने या पत्रांची निवड करून त्यांचं पुस्तक काढलं, आणि १९९९ साली आणखी पत्रं-चित्रं घेऊन त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दर डिसेंबरात हे पुस्तक भेट म्हणून खपतं. त्याच्याबद्दल गोड गोड बोललं जातं आणि मग ते परत कपाटात जातं.

मला वाटतं, त्याच्यावर दोन प्रकारे अन्याय होतो. एक, त्याला ‘प्रेमळ बापाची आठवण’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. दुसरा जास्त विद्वत्तेचा: ही पत्रं म्हणजे मोठ्या कादंबरीची रंगीत तालीम, असं म्हणून त्यातली भुतं, एल्फ आणि गुहा मोजल्या जातात. दोन्हींत एक गोष्ट सुटते. ही पत्रं म्हणजे एका लेखकाने तेवीस वर्षं चालवलेलं, पूर्ण झालेलं काम आहे, आणि त्याचे वाचक फक्त चार होते. लिहिणं म्हणजे काय, कोणासाठी लिहायचं, खेळ कुठे संपतो आणि ‘खरं’ लेखन कुठे सुरू होतं, या प्रश्नांची ज्यांना खाज आहे त्यांनी या पुस्तकाकडे जरा नीट बघायला हवं.

एका शब्दातून निघालेलं घर

आधी तो खांब. इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे ध्रुव आणि ‘पोल’ म्हणजे खांबही. लहान मूल ‘नॉर्थ पोल’ ऐकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खांबच येतो, मोठी माणसं हसून त्याला दुरुस्त करतात. टॉल्कीनने दुरुस्त केलं नाही. त्याने मुलाचा अर्थ खरा मानला आणि मग प्रामाणिकपणे पुढचा प्रश्न विचारला: खांब असेल तर तो मोडूही शकेल, नाही का? मोडला तर कुठे पडेल? ज्याच्यावर पडला ते घर कोणाचं?

हा भाषाशास्त्रज्ञाचा विनोद आहे. टॉल्कीनचा पोटापाण्याचा धंदा शब्दांचा होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने काही काळ ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशावर काम केलं होतं, मग लीड्सला शिकवलं. शब्द आधी येतो आणि त्याच्या पोटातून गोष्ट निघते, ही त्याची कायमची रीत. परीक्षेचे पेपर तपासताना एका कोऱ्या पानावर त्याने ‘हॉबिट’ हा शब्द असलेलं एक वाक्य लिहिलं आणि हॉबिट म्हणजे कोण हे शोधायला नंतर अख्खी कादंबरी लिहिली, ही हकिकत त्याने स्वतः सांगितली आहे. पेपर तपासणं हे उन्हाळ्यात वरकड कमाईसाठी घेतलेलं कंटाळवाणं काम होतं. बिळात राहणारा तो प्राणी आणि छपरावर पडलेला तो खांब एकाच कारखान्यातून निघालेले आहेत. फरक एवढाच, की खांब आधी पडला.

दुसरी गोष्ट आहे कार्यकारणाची. बारकाईने पाहा: टोपी, खांब, छप्पर, बर्फ, शेकोटी, तळघर, खेळणी. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे घडते. जादू कुठेच नाही. बर्फ घरात आला तर तो वितळणार, वितळला तर पाणी खाली जाणार. उत्तर ध्रुवावरच्या म्हाताऱ्याच्या घरालाही गुरुत्वाकर्षण लागू आहे. पुढे ज्या लेखकाबद्दल म्हटलं गेलं की त्याच्या काल्पनिक जगात चंद्राच्या कलासुद्धा हिशेबाने येतात, त्याची ही सवय इथे आठ वर्षांच्या मुलाला हसवण्यासाठी वापरलेली दिसते.

पुढच्या वर्षी, १९२६ साली, अस्वलाने उत्तरेच्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाचा नळ सोडला आणि दोन वर्षांचे दिवे एका क्षणात उडवले. तारे जागचे हलले, चंद्राचे तुकडे झाले आणि चंद्रावरचा माणूस नाताळबाबाच्या परसात येऊन पडला. घाबरलेल्या त्या पाहुण्याने आधी नाताळची चॉकलेटं खाल्ली, मग बरं वाटल्यावर तो चंद्र दुरुस्त करायला परत वर गेला. त्यातलं ते चॉकलेट बघा. विश्व मोडलंय, पण आधी काहीतरी खाऊन घेऊ. संकटाच्या मधोमध खाण्यापिण्याचा असा थांबा घ्यायची ही वृत्ती पुढे हॉबिटांच्या रक्तात उतरली. आकाशातली दारूकामाची हौस गॅन्डाल्फच्या वाट्याला आली.

तीन हस्ताक्षरं

ही पत्रं नुसती वाचायची नाहीत, बघायची आहेत. नाताळबाबाचं अक्षर थरथरतं, कारण तो फार म्हातारा आहे आणि तिकडे थंडी आहे. अस्वलाचं अक्षर जाड, टोकदार, पंजात पेन धरून काढल्यासारखं. पुढे १९३६ साली इल्बेरेथ नावाचा एक एल्फ चिटणीस म्हणून हजर होतो, त्याचं अक्षर बारीक, तिरकं आणि डौलदार. पाकिटावर उत्तर ध्रुवाचं तिकीट, तेही हाताने काढलेलं. सोबत चित्रं. कधी पत्र चुलाणापाशी सापडे, कधी चक्क पोस्टमन आणून देई.

या तीन अक्षरांमुळे पत्राच्या आत भांडण सुरू होतं. म्हातारा एक गोष्ट सांगत असतो आणि अस्वल समासात येऊन खोडून काढत असतं: मी नाही केलं, जिन्यावर वस्तू ठेवली कोणी, तूही चढून दाखव. १९२८ सालचं चित्र प्रसिद्ध आहे. खेळण्यांच्या खोक्यांचा ढीग घेऊन निघालेलं अस्वल जिन्यावरून गडगडत खाली आलंय. चित्र काढणारा म्हातारा गंभीरपणे हकिकत सांगतो आणि चित्रातलं पात्र आपल्या बदनामीबद्दल कुरकुर करतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर हे पत्र म्हणजे एक पोस्ट आणि तिच्याखालच्या कमेंट्स, सगळं एकाच माणसाने लिहिलेलं. पण यात नुसती गंमत नाही, सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे मुलांना शिकवणारी एक पद्धत आहे. एक गोष्ट, तिचे दोन साक्षीदार, दोघांचंही म्हणणं पुरतं खरं नाही. मूल मध्ये बसून ठरवणार. टॉल्कीनच्या मोठ्या कादंबरीत हाच आराखडा येतो, फक्त गंभीर चेहऱ्याने: ही गोष्ट मी रचलेली नसून एका जुन्या लाल पुस्तकातून उतरवून घेतली आहे, तिला अनेक हात लागले आहेत, ही घ्या परिशिष्टं. मात्र एक गोष्ट तिथे हरवली. लाल पुस्तकाच्या समासात कोणी अस्वल येऊन ‘हे असं झालंच नव्हतं’ म्हणत नाही. महाकाव्याच्या आवाजाला मध्येच कोणी बोललेलं चालत नाही. कादंबरीच्या भव्यतेला मी नमस्कार करतो, पण तिची काही शेवटची प्रकरणं वाचताना त्या अस्वलाची उणीव जाणवते.

बापाचा धंदाही या खेळात डोकावतो. अस्वलाचं खरं नाव कार्हू. त्याचे दोन भाचे १९३१च्या सुमारास पाहुणे म्हणून आले आणि कायमचे राहिले: पाक्सू आणि वाल्कोतुक्का. ही तिन्ही नावं फिनिश भाषेतली. कार्हू म्हणजे अस्वल, पाक्सू म्हणजे जाड, वाल्कोतुक्का म्हणजे पांढऱ्या केसांचा. टॉल्कीन तरुणपणी फिनिश भाषेच्या आणि ‘कालेवाला’ या महाकाव्याच्या प्रेमात पडला होता, आणि त्याच्या एल्फांच्या एका भाषेचा घाट त्याच प्रेमातून आला. मुलांना याचा पत्ता असण्याची गरज नव्हती. त्यांना ती नावं फक्त गमतीची आणि लांबच्या थंड देशातली वाटली असतील. शिक्षकाने वर्गात जे सांगितलं असतं ते इथे खेळात दडलंय, आणि कोणी विचारलं नाही तर दडलेलंच राहील.

जे बाहेर चालत नव्हतं ते घरात चालत होतं

टॉल्कीन आपल्या जगाच्या नियमांबाबत किती काटेकोर होता हे सर्वांना माहीत आहे. त्याचा मित्र सी. एस. लुइस याच्या नार्नियाच्या गोष्टी त्याला रुचल्या नाहीत. निरनिराळ्या पुराणांतली पात्रं तिथे एकाच मांडवाखाली येतात, आणि १९५० साली आलेल्या पहिल्या पुस्तकात तर फादर ख्रिसमसही स्वतः हजर होतो. गंमत अशी, की टॉल्कीनने स्वतःच्या घरात तीस वर्षं आधी हीच खिचडी शिजवायला घेतली होती. नाताळबाबा, फिनिश अस्वलं, एल्फ, भुतं, चंद्रावरचा माणूस, आणि युद्धाच्या दिवसांत तर दक्षिण ध्रुवावरून मदतीला आलेले पेंग्विनसुद्धा.

याला ढोंग म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. माणूस कागदावर जितका कडक असतो तितकंच त्याला कुठेतरी ढिलं सोडता येण्याची जागा लागते. नाताळच्या पत्रांत सुसंगतीचं ओझं नव्हतं, म्हणून तिथे काहीही येऊ शकत होतं, आणि आलेल्यातलं काही पुढे टिकत होतं. इल्बेरेथ हे नाव त्याच्या पुराणकथांतल्या ‘एल्बेरेथ’ या तारकादेवीच्या नावाला इतकं जवळचं आहे, की मोठ्या घरातली वस्तू मुलांच्या खोलीत खेळायला आणल्यासारखं वाटतं.

या ढिलेपणातही एक गोष्ट लक्षात येते. टॉल्कीन निष्ठावान कॅथलिक होता. वडील तो चार वर्षांचा असताना वारले, आई १९०४ साली, तो बारा वर्षांचा असताना. त्यानंतर त्याचा आणि भावाचा सांभाळ एका कॅथलिक धर्मगुरूने केला. तरीही नाताळच्या या पत्रांत येशूजन्माची गोष्ट जवळजवळ नाही. आहे ते म्हणजे द्यायचं, वाट बघायची, उशीर झाला तर क्षमा मागायची, थकलेल्या माणसाने पुन्हा उठून कामाला लागायचं. आपली मोठी कादंबरी मुळात धार्मिक आहे, पण तिच्यात धर्म वरवर कुठेच दिसत नाही, कारण तो गोष्टीतच विरघळला आहे, अशा अर्थाचं त्याने १९५३ साली एका पत्रात लिहिलं. त्या कादंबरीत नाताळ नाही, पण अंगठीचा नाश करायला निघालेले नऊ जण २५ डिसेंबरलाच निघतात. ही तारीख पुस्तकाच्या परिशिष्टात गुपचूप बसलेली आहे. नाताळच्या पत्रांतही नेमकी हीच रीत आहे: जे सर्वांत महत्त्वाचं, ते बोलून दाखवायचं नाही.

भुतांचा प्रश्न

कौतुक पुरे झालं. या पत्रांत एक अडचण आहे आणि ती लहान नाही.

१९३२ साली अस्वल गुहांमध्ये हरवतं. तिथे जुन्या काळातली भित्तिचित्रं सापडतात आणि अंधारात राहणारी भुतं, म्हणजे इंग्रजीतली गॉब्लिन. ती खेळणी चोरतात. पुढच्या वर्षी ती मोठा हल्ला करतात आणि लढाई होते. ही वर्षं ‘द हॉबिट’ लिहिली जाण्याची. १९३३च्या सुरुवातीला लुइसने तिचं हस्तलिखित वाचल्याचं त्याच्या पत्रावरून कळतं. तेव्हा डोंगराखालची भुतं दोन्हीकडे एकाच वेळी फिरत होती, यात नवल नाही.

अडचण अशी, की भुतं आली आणि पत्रांचा पोत बदलला. खांब पडला तेव्हा दोष अस्वलाचा होता आणि अस्वल आपलं होतं. चूक करणारा आणि चूक निस्तरणारा एकाच टेबलाशी जेवत होते. आता दोष बाहेरच्यांचा झाला. अस्वल भुतांना चिरडतं, उडवतं, आणि मुलांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. विनोद आहे, पण आधीचा विनोद माणसाच्या वेंधळेपणावरचा होता, हा बळावरचा आहे. पहिला मला अजून हसवतो, दुसरा नाही.

सर्वांत बोचणारी गोष्ट पुढे येते. गुहांच्या भिंतींवर भुतांनी काढलेल्या खुणांवरून अस्वल एक लिपी तयार करतं आणि मुलांना पाठवतं. म्हणजे भुतांना चित्रकला आहे, अक्षरं आहेत. पण बोलणं नाही. या पत्रांत म्हाताऱ्याला आवाज आहे, अस्वलाला आहे, एल्फाला आहे, समास सर्वांसाठी खुला आहे. फक्त ज्यांची लिपी घेतली त्यांना त्या समासात एक ओळसुद्धा मिळत नाही. भाषेवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाकडून हे घडावं, याचं वाईट वाटतं.

हे आजच्या चष्म्यातून केलेलं शहाणपण आहे असं कोणी म्हणेल. पण हा प्रश्न टॉल्कीनलाही सुटला नव्हता. ऑर्क मुळात वाईटच असतात का, त्यांना आत्मा असतो का, त्यांची सुटका शक्य आहे का, यावर तो म्हातारपणापर्यंत टिपणं लिहीत आणि उत्तरं बदलत राहिला. त्या न सुटलेल्या गाठीचं एक टोक मला इथे दिसतं, मुलांच्या पत्रात, जिथे कोणालाच ती गाठ वाटली नसेल. खेळात आपण जे गृहीत धरतो, ते कधी कधी गंभीर लेखनात दुप्पट होऊन समोर उभं राहतं.

वेळेवर पूर्ण झालेलं आणि कधीच न झालेलं

आता एक हिशेब मांडून बघा. आपल्या पुराणकथांचं जग, जे पुढे ‘सिल्मरिलिऑन’ म्हणून ओळखलं गेलं, ते टॉल्कीनने पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहायला घेतलं आणि मरेपर्यंत पूर्ण केलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं. पुन्हा पुन्हा सुरुवात, पुन्हा पुन्हा दुरुस्ती. नाताळबाबाची पत्रं मात्र दरवर्षी पोचली. कधी घाईत, कधी तोकडी, पुष्कळदा उशिराबद्दल आणि थरथरत्या हाताबद्दल क्षमा मागत, पण पोचली. सिल्मरिलिऑनला मुदत नव्हती. पत्रांना २४ डिसेंबरची रात्र होती आणि मोजा टांगून झोपलेली मुलं होती.

दोन्ही पुस्तकं लेखकाच्या मरणानंतर एका वर्षाच्या अंतराने निघाली. पत्रं १९७६ साली, सिल्मरिलिऑन १९७७ साली. पहिलं नुसतं निवडायचं होतं. दुसरं ख्रिस्टोफरला ढिगाऱ्यातून जुळवावं लागलं. वाट बघणारा वाचक आणि हलवता न येणारी तारीख या दोन गोष्टी लेखकाला काय देतात, हे याहून स्पष्ट दाखवणारी जोडी मला माहीत नाही.

टॉल्कीनला हा ताण पुरता ठाऊक होता. १९४५च्या जानेवारीत छापून आलेली त्याची ‘लीफ बाय निगल’ ही कथा एका लहानशा चित्रकाराची आहे. त्याला एक झाड काढायचंय. पानं त्याला छान जमतात, झाड पूर्ण होत नाही. शेजारी येतात, कामं सांगतात, पावसात पिटाळतात. वेळ संपतो. कथेचा शेवट सांगत नाही, पण एवढं सांगतो की ज्या शेजाऱ्याने त्याचा वेळ खाल्ला, तोच पुढे त्या झाडाच्या कामात त्याचा जोडीदार होतो. लेखकाचं ‘खरं’ काम आणि त्यात येणारा अडथळा यांची सीमा आपण समजतो तितकी पक्की नसते, हे ही कथा सांगते. नाताळची पत्रं हा त्याचाच धडधडीत पुरावा आहे.

अर्थात एक सावधगिरी. घरातला सण म्हणजे फक्त बापाने काढलेली चित्रं नव्हेत. पत्रांचा सगळा उजेड म्हाताऱ्यावर आणि अस्वलावर आहे. त्या घरात डिसेंबरभर स्वयंपाक, आजारपणं, शिवणटिपण कोणी केलं, हे त्यांत येत नाही. टॉल्कीनची पत्नी ईडिथ चार मुलांचा संसार चालवत होती. खेळायला मोकळा वेळ कोणाला मिळतो आणि तो कोणाच्या कष्टातून येतो, हा प्रश्न या पुस्तकाच्या समासात लिहून ठेवायला हवा. अस्वल नाही तर आपण तरी.

वाचक खेळात उतरतो तेव्हा

या पत्रांवर एक जुना आक्षेप आहे: हे मुलांशी खोटं बोलणं नाही का? त्याचं सर्वांत सुंदर उत्तर एका मुलानेच दिलं आहे.

ख्रिस्टोफर लहानपणापासून चिवट वाचक होता. ‘द हॉबिट’ ऐकताना त्याने बापाला मध्येच अडवलं होतं: मागच्या वेळी बिल्बोचं दार वेगळ्या रंगाचं सांगितलं होतंस. ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाली. त्या डिसेंबरात, तेरा वर्षांच्या ख्रिस्टोफरने नाताळबाबाला पत्र लिहून त्या पुस्तकाची जोरदार शिफारस केली: हे पुस्तक तुम्हाला माहीत आहे का, मुलांना भेट म्हणून द्यायला उत्तम आहे. आणि नाताळबाबाने गंभीरपणे उत्तर दिलं, की त्या पुस्तकाच्या प्रती तो ढिगाने पाठवतो आहे.

दाराचा रंग लक्षात ठेवणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला आपलं पत्र कोण वाचणार हे ठाऊक नव्हतं, असं मानणं अवघड आहे. त्याला ठाऊक होतं, बापालाही ते ठाऊक होतं, आणि तरीही दोघांनी आपापली भूमिका सोडली नाही. याला फसवणूक म्हणत नाहीत. दोघांनी मिळून एक गोष्ट खरी धरायची ठरवणं, हाच साहित्याचा मूळ करार आहे. १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टॉल्कीनने अशा उभारलेल्या जगातल्या विश्वासाबद्दल फार खोल बोलून ठेवलं आहे, पण त्या व्याख्यानाच्या सव्वा वर्ष आधी त्याच्या घरात एका मुलाने ते करून दाखवलं होतं. आणि त्याच डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, टॉल्कीनने प्रकाशकाला कळवलं की हॉबिटांच्या नव्या गोष्टीचं पहिलं प्रकरण लिहून झालं आहे. ते प्रकरण एका वाढदिवसाच्या मेजवानीचं आहे. तिथे दारूकाम आहे, भेटवस्तूंचे ढीग आहेत, आणि वाढदिवस ज्याचा तोच दुसऱ्यांना भेटी देतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सुरू झाली ती युद्धाने नव्हे, सणाने.

मग खरं युद्ध आलं. १९३९ नंतरची पत्रं एकट्या प्रिसिलासाठी आहेत, १९२९ साली जन्मलेल्या धाकटीसाठी. त्यांत खेळण्यांचा तुटवडा आहे, घरं सोडावी लागलेल्या माणसांची चिंता आहे. म्हाताऱ्याचा आवाज थकलाय. हीच पत्रं मला सर्वांत जास्त आवडतात, कारण इथे विनोद आपली ताकद जपून वापरतो. शेवटचं पत्र १९४३चं. प्रिसिला चौदा वर्षांची झालेली. यापुढे ती मोजा टांगणार नाही हे म्हाताऱ्याला समजलंय, आणि तो रडारड न करता निरोप घेतो.

साधारणपणे लेख इथे थांबतात आणि डोळे पुसतात. पण पुढे काय झालं ते बघा. १९४४ साली ख्रिस्टोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. रखडलेली कादंबरी टॉल्कीनने त्या वसंतात पुन्हा हातात घेतली आणि फ्रोडो व सॅम मॉर्डॉरकडे निघाल्याची प्रकरणं एकेक करून ख्रिस्टोफरला टपालाने पाठवायला सुरुवात केली. नाताळबाबाचं शेवटचं पत्र लिहून झाल्याला तेव्हा पुरती सहा महिनेही झाली नव्हती. पाकिटावरचं ध्रुवाचं तिकीट गेलं, थरथरतं अक्षर गेलं. उरलं ते एवढंच: लांब असलेलं एक मूल, त्याची वाट बघणं, आणि त्याच्यासाठी लिहिणारा बाप. आज कोट्यवधी लोकांनी वाचलेली ती प्रकरणं लिहिली गेली तेव्हा त्यांचा पहिला वाचक एकच होता, आणि दाराचा रंग बदलला तर तो लगेच पकडणार होता.

म्हणून ही पत्रं मला तालीम वाटत नाहीत. तालीम संपते आणि खरा प्रयोग सुरू होतो. इथे तसं काही झालं नाही. १९२० साली तीन वर्षांच्या एका मुलासाठी सुरू झालेलं काम अखेरपर्यंत तेच राहिलं, वाचकांची संख्या तेवढी वाढली. ज्याला लिहायचंय आणि ‘आपले वाचक किती’ हा आकडा ज्याच्या फोनवर दिवसभर लुकलुकत असतो, त्याने एकदा हे पुस्तक उघडून अस्वलाने समासात केलेली कुरकुर वाचावी. ती कुरकुर चौघांसाठी होती, आणि चौघांसाठी असूनही तिच्यात एक अक्षरही आळसाने काढलेलं नाही.